खटका एक, आकडा सरकला तीन

उद्यमनगरात आमचं रिपेअरिंगचं काम आहे, फाउंड्री आणि मशीन शॉपमधली कंट्रोल कार्डं येतात, त्यामुळं दिवसाचे सात-आठ तास हात स्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारा ऑसिलोस्कोप) नायतर पॉवर सप्लायच्या नॉबवरच असतो. परवा त्या नॉबनंच एक कार्ड घालवलं.

कार्डावर ३.३ व्होल्टचा कंट्रोलर, म्हणजे कार्ड चालवणारी मुख्य चिप, ४ च्या वर गेलं की संपला. व्होल्टेज कायम ठेवणारा रेग्युलेटर उडालेला म्हणून बाहेरून सप्लाय देत होतो, ३.० वरून हळूहळू वर. आता या सप्लायला नॉब एकच, फिरवला की आकडा बदलतो आणि दाबला की कर्सर दुसऱ्या आकड्यावर जातो. फिरवता फिरवता बोटाचा दाब पडला, कर्सर ०.०१ वरून थेट व्होल्टच्या घरात गेला आणि पुढच्या दोन खटक्यात ३ चे ५ झाले. तिकडं गिऱ्हाइकाचं मशीन बंद, माणसं बसून.

दाबायचं आणि फिरवायचं एकाच नॉबवर द्यायचं असंल तर निदान आउटपुट चालू असताना तरी कर्सर हलू देऊ नये, एवढंच माझं म्हणणं आहे.

जुन्या सीआरओचा (पिक्चर ट्यूबवाला स्कोप) व्होल्ट-पर-डिव्हिजनचा, म्हणजे स्क्रीनवरचा एक चौकोन किती व्होल्टचा ते ठरवणारा नॉब म्हणजे सरळ रोटरी स्विच, १-२-५ अशा रेंज, स्क्रीनकडं न बघता खटके मोजून लावायच्या. लाइट नसली तरी खुणेवरून सेटिंग कळायचं!

आता सगळीकडं नॉबच्या मागं एन्कोडर. आत दोन कॉन्टॅक्ट, फिरवलं की दोन्ही चालू-बंद होतात पण पाव सायकल मागंपुढं, आधी कुठला आला यावरून प्रोसेसरला दिशा कळते. कॉन्टॅक्ट झिजले किंवा आतलं ग्रीस घट्ट झालं की एकाच खटक्याला दोन-तीन पल्स (मोजणीचे सिग्नल) उडतात, नायतर एखादा बुडतो आणि उजवीकडं फिरवताना आकडा मागं येतो. त्यात बऱ्याच इन्स्ट्रुमेंटला जोरात फिरवलं की मोठ्या उड्या मारायची सोय असते, मग जवळजवळ आलेले ते फालतू पल्स बघून फर्मवेअरला, म्हणजे इन्स्ट्रुमेंटच्या आतल्या प्रोग्रामला वाटतं माणूस घाईत आहे, आणि आकडा उडतो. हात मात्र एकच खटका फिरलेला असतो.

एन्कोडर आयपीएनं (आयसोप्रोपिल अल्कोहोल) धुतलं की काही महिने चालतं, पण बदललेला बरा. नवा घेताना खटके आणि पल्स दोन्ही बघा, २४ खटक्यांचा २४ पल्सवाला मिळतो आणि १२ पल्सवाला पण, दिसायला सेम, चुकीचा बसवला तर दोन खटक्यांना एक स्टेप पडते.

ते कार्ड अजून टेबलावर आहे. कंट्रोलर नवा मिळंल, पण आतला प्रोग्राम लॉक होता, मशीन बनवणाऱ्यांना मेल केलाय, उत्तराची वाट बघतोय.