न्यूहॉलची टेकडी: विल्यम एस. हार्ट यांच्या घरी

लॉस एंजेलिसला येणारे आपल्याकडचे बहुतेक प्रवासी पदपथावरचे तारे आणि डोंगरावरची पांढरी अक्षरे पाहून हॉलिवूड पाहिल्याचे समाधान मानतात. ज्यांना मूकपटांविषयी आस्था आहे त्यांनी एक दिवस राखून ठेवावा आणि शहराच्या उत्तरेला सुमारे ५० किलोमीटरवर असलेल्या न्यूहॉलला जावे, असे मी आग्रहाने सांगेन. काउबॉयपटांचा पहिल्या पिढीतला थोर नट विल्यम एस. हार्ट यांचे घर तिथे आहे आणि ते पाहायला तिकीट लागत नाही.

हार्ट यांचा जन्म १८६४ सालचा, न्यूयॉर्क राज्यातल्या न्यूबर्ग गावचा. बालपणीची काही वर्षे मध्य-पश्चिमेकडच्या मोकळ्या मुलखात गेली आणि त्या मुलखाची ओढ त्यांना जन्मभर राहिली. पुढे त्यांनी रंगभूमीवर दीर्घकाळ काम केले; १८९९ साली न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या ‘बेन-हर’ नाटकातला खलनायक मेसाला त्यांनीच उभा केला होता. चित्रपटात ते आले १९१४ साली, म्हणजे पन्नाशीच्या उंबरठ्यावर, ज्या वयात आजचे नट वडिलांच्या भूमिका स्वीकारू लागतात. पडद्यावरचे काउबॉय त्यांना खोटे वाटत. म्हणून त्यांनी मळलेले कपडे, धुळीने माखलेल्या वस्त्या आणि वाईट मार्गाला लागूनही आतून सचोटी न सोडलेला नायक पडद्यावर आणला. दहाएक वर्षे प्रेक्षकांनी त्यांच्यावर भरभरून प्रेम केले. नंतर टॉम मिक्स यांच्यासारख्या झगमगीत पोशाखाच्या, कसरती करणाऱ्या नटांचा काळ आला. हार्ट यांनी आपली रीत बदलली नाही आणि १९२५ च्या ‘टम्बलवीड्स’नंतर ते निवृत्त झाले.

जाण्यापूर्वी हा चित्रपट अवश्य पाहावा आणि शक्यतो १९३९ साली पुन्हा प्रदर्शित झालेली त्याची आवृत्ती मिळवावी. तिच्या सुरुवातीला चौऱ्याहत्तर वर्षांचे हार्ट न्यूहॉलच्या आपल्याच जमिनीवर उभे राहून प्रेक्षकांचा निरोप घेतात. ज्यांचा चेहरा पाहत एक पिढी वाढली, त्यांचा आवाज पडद्यावर ऐकू येतो तो असा. रंगभूमीवर घडलेला, थोडा जुन्या वळणाचा तो आवाज घोड्यांविषयी बोलताना कापरा होतो. हे पाहून गेलात तर टेकडीवरची प्रत्येक वाट ओळखीची वाटेल.

शहरातल्या युनियन स्टेशनवरून मेट्रोलिंक या उपनगरी रेल्वेची अँटिलोप व्हॅली मार्गाची गाडी न्यूहॉलला साधारण तासाभरात पोहोचवते आणि हार्ट यांचे घर ज्या उद्यानात आहे ते स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. शनिवार-रविवारी गाड्या कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच टिपून ठेवावी. माझी भेट दोन खेपांत झाली, कारण पहिल्या वेळी टेकडीवरचे घर बंद होते आणि मी चौकशी न करता गेलो होतो. उद्यान आणि घर यांच्या वेळा वेगळ्या असतात. घराचे दिवस कमी असतात आणि आतला भाग मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतो, तेव्हा निघण्यापूर्वी खात्री करून घ्यावी. चढ वीस मिनिटांचा असला तरी उन्हाळ्यात इथे ऊन भाजून काढते. सकाळी लवकर चढावे, पाणी बरोबर ठेवावे आणि झुडपांत रॅटलस्नेक हे विषारी साप असतात म्हणून पायवाट सोडू नये.

‘ला लोमा दे लोस व्हिएन्तोस’, म्हणजे वाऱ्यांची टेकडी, हे घराचे नाव. १९२० च्या दशकात स्पॅनिश धाटणीने बांधलेल्या या २२ खोल्यांच्या वास्तूत हार्ट आपली बहीण मेरी एलेन हिच्यासह राहत. नावाहो या मूळ अमेरिकी जमातीच्या विणकरांचे गालिचे, जुनी शस्त्रे, खोगिरे आणि त्यांचे स्नेही चार्ल्स रसेल यांची चित्रे आजही तिथे आहेत. चित्रांपाशी घाई करू नये. पडद्यावर हार्ट अमेरिकेच्या ज्या पश्चिमेसाठी झटले, तिचे रंग रसेल यांच्या कुंचल्यात आहेत आणि मूकपटात न दिसलेली तांबूस माती इथे समोर येते.

मला सर्वाधिक जवळची वाटलेली जागा मात्र घराबाहेर आहे. हार्ट यांच्या अनेक चित्रपटांत दिसलेला ठिपक्यांचा घोडा फ्रिट्झ १९३८ साली वारला आणि त्याला याच आवारात पुरले. दगड रचून केलेल्या त्या कबरीवरच्या शिळेवर घोड्याचे वय एकतीस वर्षे दिले आहे आणि त्याला एकनिष्ठ सोबती म्हटले आहे. अक्षरे साधी, हाताने कोरल्यासारखी आहेत. मी तिथे बराच वेळ थांबलो. १९३९ च्या त्या निरोपात रिकाम्या खोगिराचा घोडा हार्ट यांना डोळ्यांपुढे का दिसत होता, ते तिथे उभे राहिल्यावर कळते.

खाली कुंपणात बायसनांचा कळप आहे. पहिले बायसन १९६२ साली वॉल्ट डिस्ने यांच्याकडून आले. एप्रिलमध्ये त्यांची हिवाळी लोकर गळत होती आणि तारेला तिचे तपकिरी पुंजके अडकले होते. शेजारी १८८७ सालचे सॉगस रेल्वे स्थानक मूळ जागेवरून हलवून जपले आहे. वेळ उरल्यास मेन स्ट्रीटवरून फिरावे. तिथल्या पदपथावर काउबॉय नटांची नावे बसवलेली आहेत.

लोकांनी तिकिटांसाठी नाणी खर्चून आपल्याला मोठे केले, म्हणून घर लोकांनाच द्यायचे, ही हार्ट यांची इच्छा होती. १९४६ साली ते वारल्यावर मुलाने मृत्युपत्राला आव्हान दिले, पण अखेर मालमत्ता लॉस एंजेलिस काउंटीकडे, म्हणजे जिल्हा प्रशासनाकडे आली. स्वतः हार्ट यांची कबर इथे शोधू नये. ती न्यूयॉर्कला, ब्रुकलिनच्या ग्रीन-वुड दफनभूमीत आहे. पूर्व किनाऱ्यावर राहणाऱ्यांना तिथे सहज जाता येईल. न्यूहॉलच्या टेकडीवर त्यांचा घोडा आहे.