पुस्तक पालकांच्या हातात, उत्तर मुलांच्या तोंडी

दहावीच्या वर्षी आईवडिलांना सगळे विषय शिकवता आले पाहिजेत, असा एक समज आहे, आणि त्यामुळे भूमिती सोडून वीस-पंचवीस वर्षे झालेले पालक उगाच ओशाळतात. माझ्या मते उजळणीच्या काळात पालकांना विषय येत नसला तरी फारसे अडत नाही. त्यांनी पुस्तक स्वतःच्या हातात घ्यावे आणि मुलाला न पाहता सांगायला लावावे.

पुन्हा पुन्हा वाचल्याने धडा ओळखीचा होतो आणि ओळखीचा झालेला धडा आपल्याला येतो, असे मुलांना मनापासून वाटू लागते. अमेरिकेतील रोडिगर व कार्पिके या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ५ मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत उतारा पुन्हा वाचणारे विद्यार्थी पुढे होते. आठवड्यानंतर मात्र, उतारा बाजूला ठेवून आठवण्याचा सराव केलेल्यांच्या लक्षात अधिक राहिले होते.

आमच्या घरी भूमितीची उजळणी अशीच चालते. मुलगी प्रमाणाच्या मूलभूत प्रमेयाचे विधान सांगते, कोऱ्या कागदावर आकृती काढते, पक्ष, साध्य आणि रचना लिहिते व सिद्धतेतील प्रत्येक पायरीचे कारण मोठ्याने बोलते. ती सिद्धता मला स्वतःला आज लिहिता येणार नाही. पण पुस्तक समोर असल्याने तिने ‘समान उंचीचे त्रिकोण’ हे कारण गाळले की लगेच कळते. ती अडली की उत्तर न सांगता थोडे थांबायचे, तरीही आठवले नाही तर त्या पायरीवर पेन्सिलीने खूण करायची आणि दोन-तीन दिवसांनी नेमके तेथूनच पुन्हा विचारायचे. हे थांबणेच पालकांना सर्वांत अवघड जाते.

भूगोलासाठी वेगळे बसावेही लागत नाही. दहावीच्या पुस्तकात भारत आणि ब्राझील यांची तुलना असल्याने, ब्राझीलच्या ईशान्य भागात पाऊस कमी का पडतो, हे जेवताना सहज विचारता येते, आणि उत्तरात पर्जन्यछाया (डोंगराने पाऊस अडवल्याने पलीकडे राहिलेला कोरडा भाग) व अवर्षण चतुष्कोन (ब्राझीलमधील त्या कोरड्या प्रदेशाचे नाव) आले की पुढच्या प्रश्नाकडे वळता येते. (रोज मात्र असे करू नये, मुले ताट घेऊन दुसऱ्या खोलीत जातात.)

लेखी सरावाला पर्याय नाहीच. गणिताच्या आणि विज्ञानाच्या दोन्ही भागांचे पेपर प्रत्येकी ४० गुणांचे व २ तासांचे असल्याने, रविवारी सकाळी ११ वाजता, म्हणजे बोर्डाच्याच वेळेला, त्यांपैकी एक पूर्ण सोडवून घेता येतो. तेवढा वेळ घरातला टीव्ही बंद राहतो आणि मोबाइल, आमचेही, कपाटात जातात. पेपर तपासताना गुणांची बेरीज आम्ही मागे ठेवतो. कोणता प्रश्न वेळ न पुरल्याने राहिला आणि कोणता येतच नव्हता, हे आधी दोन वेगळ्या रंगांनी नोंदवतो, कारण पहिल्यासाठी घड्याळ लावून आणखी सराव करावा लागतो, तर दुसऱ्यासाठी पुन्हा धड्याकडेच जावे लागते.