पाचर का मारली?

गिटार केसमधून बाहेर आली की पहिला प्रश्न ठरलेला: "बार कुठाय?" बार म्हणजे सूर हलवायची दांडी; ती दाबली की तारा अडकवलेला ब्रिज झुकतो. मग कुणीतरी ती पालथी करतं. मागचं प्लास्टिकचं झाकण मी कधीच काढून टाकलंय, त्यामुळे आतलं सागाचं लाकूड दिसतं आणि दुसरा प्रश्न येतो: "ब्रिजला पाचर मारलीस? मग हार्डटेलच घ्यायची ना!" हार्डटेल म्हणजे न हलणाऱ्या ब्रिजची गिटार. परवा वाशीला सरावाच्या खोलीत एका विशीतल्या पोराने ऐकवलं, "दादा, हे म्हणजे पतंग घ्यायचा आणि खिळ्याने भिंतीवर ठोकायचा." उपमा चांगली होती, म्हणून जास्त लागली.

आजवर मी या प्रश्नाला गिटारवादक क्लॅप्टनच्या आडून उत्तर देत आलो. एरिक क्लॅप्टनच्या स्ट्रॅटोकास्टर गिटारमध्येही ब्रिज लाकडाने अडवलेला असतो, एवढं म्हटलं की निम्मी माणसं गप्प बसतात. उरलेली दुसऱ्या गिटारवादकाचं, जेफ बेकचं, नाव घेतात. तो तरंगत्या, म्हणजे न अडवलेल्या, ब्रिजवर गळ्यासारखं गायचा, हे मलाही माहीत आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. मी जेफ बेक नाही, हे काही उत्तर होत नाही.

तांत्रिक उत्तरही आहे. दहाच्या सेटच्या (पहिली तार ०.०१० इंच जाडीची) सहा तारा मिळून ब्रिजला ४५ किलोच्या आसपास जोराने ओढतात आणि पाठीतल्या स्प्रिंगा उलट बाजूने. ही रस्सीखेच बरोबरीत आहे तोवर सूर. जाड तार ड्रॉप डी ला, म्हणजे एक पूर्ण स्वर खाली, उतरवा, बाकीच्या पाच चढतात. एक तार ताणून मींड घ्या, शेजारची धरून ठेवलेली तार खाली घसरते. तळवा ब्रिजवर जरा जास्त टेकला तरी सूर हलतो. १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली तेव्हा ती घडवणाऱ्या लिओ फेंडरने या यंत्रणेला ट्रेमोलो म्हटलं. खरं तर ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं, सूर हलला तर तो व्हायब्रॅटो. नावापासूनच बेसूर प्रकरण. हे सगळं रॉक बँडमध्ये खपतं. मी वाजवतो पेटीशेजारी बसून, आणि पेटी कुणासाठी जागची हलत नाही.

हे सगळं खरं आहे. पण पाचर यामुळे मारलेली नाही.

ठाण्याला नौपाड्यातल्या एका छोट्या सभागृहात दिवाळी पहाट होती. तलावपाळीवर नव्या कपड्यांतली गर्दी, आणि इथे आत दीडेकशे माणसं, बहुतेक साठीच्या पुढची. गाणाऱ्या बाई शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांच्या लेखी गिटार म्हणजे मांडीवर आडवी ठेवून वाजवायची हवाईयन. पेटीवाल्या काकांचा माझ्या गिटारला विरोध होता. बाई म्हणाल्या, "असू दे हो, पोराचा हात गोड आहे." तालमींत त्यांनी स्वतःहून एक जागा मला दिली: मधलं म्युझिक गिटारवर संपवायचं, शेवटचा स्वर मी धरून ठेवायचा आणि त्याच स्वरावर त्या अंतरा उचलणार. पेटी मागून येणार.

काळी चारमधलं भावगीत. मधलं म्युझिक छान चाललं होतं. संपता संपता पहिली तार तुटली. तार तुटली की ओढणारा एक गडी कमी झाला, स्प्रिंगा जिंकल्या, ब्रिज मागे झुकला आणि उरलेल्या पाच तारा चढल्या, प्रत्येक आपापल्या मापाने. हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. पण बोटं सवयीने पुढे गेली आणि ठरलेला स्वर मी दुसऱ्या तारेवर धरला. धरून ठेवला. तो ठरलेला स्वर नव्हताच. त्याच्या वर कुठेतरी, कुठल्याही पट्टीत न बसणारा. आणि बाईंनी, माझ्यावर विश्वास ठेवून, तोच घेतला.

दोन शब्द गेले. मग मागून पेटी आली, बरोबर जागी. समोरच्या रांगेतल्या एका आजोबांनी मान खाली घातली, ती अजून दिसते मला. बाई थांबल्या. कानावर हात ठेवून त्यांनी सूर शोधला आणि माइकमध्ये म्हणाल्या, "माफ करा हं. वय झालं आता." लोकांनी टाळ्या वाजवल्या. प्रेमळ टाळ्या. त्या टाळ्यांपेक्षा कुणी हुर्यो उडवली असती तर बरं झालं असतं. बाईंनी अंतरा पुन्हा घेतला, पेटीवर, बिनचूक. मी व्हॉल्यूम शून्यावर आणून वाजवल्याचा अभिनय करत बसलो.

नंतर फराळाच्या वेळी त्या माझ्याकडे आल्या. "अरे, तुझी तार तुटली ना मगाशी? हाताला लागलं नाही ना?" मी म्हटलं, "नाही बाई." त्यांनी माझ्या ताटलीत आणखी एक करंजी ठेवली.

एवढंच. तार तुटलेली त्यांनी पाहिली होती, पण एक तुटली की बाकीच्याही बिघडतात हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं. सतारीची एक तार तुटली म्हणून बाकीच्या अशा चढत नाहीत. सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पेटीवाले काका शेजारीच चकली खात उभे होते, म्हणून मी नाही बोललो. असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगितलं. पुढच्या वर्षी बाईंनी पहाट केली नाही. कारण गुडघे, असं त्या म्हणतात. गुडघे खरोखरच दुखतात त्यांचे, मी चौकशी केली आहे.

तार तुटली त्याच आठवड्यात सुताराकडून चौकटीच्या सागाचा तुकडा आणला. पहिली पाचर चुकीच्या बाजूला मारली, हेही सांगून टाकतो. ब्रिजखालचा लोखंडी ठोकळा आणि गिटारच्या बुडाकडची भिंत यांमध्ये लाकूड घातलं तर बार खाली दाबता येत नाही, मींड घेताना शेजारची तार घसरत नाही. पण तार तुटली तर ठोकळा जातो मानेकडे, म्हणजे माझा आजार तसाच. घरी मुद्दाम पहिली तार कापून पाहिली तेव्हा कळलं. मग मानेकडच्या बाजूला दुसरा तुकडा, पॉलिश पेपरने घासत घासत, बोटाने दाबून बसेल इतका. स्प्रिंगा तशाच ठेवल्या. त्यांची बारीक झणझण मला आवडते. पाचरीने नाद लांबतो असं म्हणतात. मला सुरुवातीला वाटलं होतं, आता खात्री नाही. आणि नटमध्ये, म्हणजे मानेच्या टोकाच्या खाचांच्या पट्टीत, तार अडकली तर पाचर असूनही सूर जातोच.

एकोणिसाव्या वर्षी ही गिटार घेतली ती फक्त बारसाठी. ठाण्याच्या स्टेशनरोडने ती पाठीवर टाकून चालताना मला वाटत होतं, सगळं स्टेशन माझ्याकडे बघतंय. तो मुलगा आज भेटला तर घाबरट म्हणेल मला. मी म्हणेन, तू बार हलवायचास तो कच्चं बोट झाकायला. तो म्हणेल, आणि तू लाकूड कशाला ठोकलंस? वाजवताना काही बिघडू नये म्हणून, की बिघडलं तर कबूल करावं लागू नये म्हणून? यावर मी जेफ बेकच्या वेळेसारखाच गप्प.

यंदा जूनमध्ये स्प्रिंगा गंजल्या म्हणून दोन्ही तुकडे काढले. नव्या घातल्या, स्प्रिंगा धरणाऱ्या पंजाचे स्क्रू थोडे सैल, तारा लावा, पुन्हा स्क्रू, पुन्हा तारा. एक लावली की पाच उतरतात, तासभर तेच. मग ड्रॉवरमधून बार काढून बसवला. बाहेर पाऊस होता. रात्री दीडपर्यंत वाजवत होतो आणि सगळं फार सुंदर वाटत होतं, हे कबूल करतो.

गणपतीच्या कार्यक्रमांच्या तालमी सुरू झाल्या तेव्हा मानेकडचा तुकडा परत घातला. बुडाकडचा अजून टेबलावर आहे.