दिव्याखालचा भुंगेरा : पिडेरस फुस्किपेस

पावसाळ्यात भातखाचरांजवळच्या घरांत दिव्याकडे येणारा, जेमतेम ७ मिलिमीटर लांबीचा पिडेरस फुस्किपेस मी भिंगाखाली प्रथम पाहिला, तेव्हा ही मुंगी नसून भुंगेरा आहे हे पटायला वेळ लागला. डोके काळे, त्यामागचा छातीचा भाग नारिंगी, वरचे पंख आखूड आणि धातूसारखी निळसर झाक असलेले, तर उघडे पोट नारिंगी असून टोकाशी पुन्हा काळे, असे त्याचे रूप आहे. हे आखूड पंख म्हणजे स्टॅफिलिनिडी या भुंगेऱ्यांच्या कुळाची ठळक खूण. त्यांच्याखाली उडण्याचे पातळ पंख इतक्या नेटक्या घडीने ठेवलेले असतात की पाहतच राहावे. ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञ जॉन कर्टिस यांनी १८२६ मध्ये या जातीचे वर्णन केले. हा किडा चावत नाही, परंतु अंगावर चिरडल्यास त्याच्यातील पेडेरिन या विषारी द्रव्यामुळे कातडीवर फोड येतात, म्हणून त्याला हलकेच फुंकर घालून दूर करावे.