मोरचूदच्या बॅगवरचा मेलेला मासा

अमरावती जिल्ह्यातल्या वरुड-मोर्शीच्या संत्रापट्ट्यात मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार (कॉपर सल्फेट), कोणाला समजावून सांगावं लागत नाही. एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी, की बोर्डो हे बुरशीनाशक मिश्रण तयार. पावसाळ्याआधी खोडाला त्याचंच घट्ट मलम लावलं नाही तर डिंक्या हा बुरशीचा रोग झाड घेऊन जातो, हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक. यंदा आमच्या शेतकरी उत्पादक कंपनीने परदेशातून आलेलं मोरचूद थेट आयातदाराकडून उचलायचं ठरवलं आणि खरेदीचं काम माझ्याकडे आलं. तेव्हा कळलं, की हे निळे खडे समुद्राच्या नियमांत ‘सागरी प्रदूषक’ आहेत. समुद्र पाहायचा तर आम्हाला रात्रभर रेल्वेत बसावं लागतं.

माल न्हावा शेवाला उतरून रेल्वेने नागपूरला अजनीच्या कंटेनर डेपोत आला. तिथून आयातदाराच्या गोदामात, आणि पुढे काटोल-जलालखेडा मार्गे ट्रकने वरुडला यायचा होता. गोदामात बॅग पाहिली तर तिच्यावर चार चौकटी, चारही टोकावर उभ्या. एकीच्या वरच्या अर्ध्यात काळे उभे पट्टे, खाली अधोरेखित ९. दुसरीत काळ्या रंगात वाळकं झाड आणि मेलेला मासा. तिसरीत तोच मासा, तेच झाड, पण किनार लाल. चौथी आपल्या ओळखीची, कीटकनाशकाच्या डब्यावर असते ती दोन त्रिकोणांची. सोबतच्या हमालाने विचारलं, “भाऊ, एवढे चौकोन काहून लावले जी? अन् हा मासा दोनदा काहून?”

उत्तर शोधताना माझे बरेच फोन झाले. पट्ट्यांचं लेबल वर्ग ९ चं, म्हणजे ‘इतर धोकादायक’ माल. मोरचूद त्यात यूएन ३०७७ या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या धोकादायक मालाच्या यादीतल्या क्रमांकाखाली जातं. नाव लांबलचक, ‘पर्यावरणास घातक घन पदार्थ’, आणि कंसात रसायनाचं खरं नाव. काळा मासा जहाजवाहतुकीच्या आंतरराष्ट्रीय संहितेचा, म्हणजे आयएमडीजी कोडचा. त्याची बाजू किमान १०० मिलिमीटर लागते, आणि खुणा अशा हव्यात की बॅग तीन महिने समुद्राच्या पाण्यात राहिली तरी वाचता याव्यात. लाल किनारीचा मासा वाहतुकीसाठी नाहीच. तो रसायन हाताळणाऱ्या माणसाला इशारा देतो. त्रिकोणांची चौकट आपल्या १९७१ च्या कीटकनाशक नियमांची; कायद्याच्या हिशेबाने बुरशीनाशकही कीटकनाशकातच येतं. लाल, पिवळा, निळा, हिरवा हा विषारीपणाचा उतरता क्रम तिच्यातच असतो.

मग प्रश्न आला, की माल जहाजातून उतरल्यावर काळ्या माशाचं काय करायचं? ट्रान्सपोर्टवाल्याच्या पुतण्याने मोबाइलवर उत्तर दाखवलं. सागरी प्रदूषक लहान पॅकिंगमध्ये असेल आणि रस्त्याने जात असेल तर नियम लागत नाहीत, मासा काढून टाका, लेबलं काढा, भाडंही कमी. अशी सूट खरोखर आहे, फक्त ती अमेरिकेची. तिथल्या केंद्रीय नियमसंहितेत (४९ सीएफआर) १७१.४ या कलमात ती आहे, आणि आमची २५ किलोची बॅग त्यांच्या हिशेबाने नक्कीच लहान ठरली असती. पण आमचा ट्रक काटोलवरून जाणार होता, टेक्सासमधून नाही.

आपल्याकडे रस्त्यावर चालतात ते १९८९ चे केंद्रीय मोटार वाहन नियम. त्यांचा भर बॅगपेक्षा गाडीवर जास्त आहे. मालाची पूर्ण माहिती ट्रान्सपोर्टवाल्याला देणं माल पाठवणाऱ्याचं काम. धोक्याची आणि उपायांची माहिती असलेलं ट्रेम कार्ड केबिनमध्ये हवं. ड्रायव्हरचं धोकादायक मालाचं प्रशिक्षण झालेलं हवं आणि तशी नोंद लायसनवर हवी. गाडीला तीन जागी माहितीफलक: मालाचं नाव किमान ५० मिलिमीटर उंच अक्षरांत, वर्गाचा आकडा १०० मिलिमीटरचा, वर्गाचं लेबल २५० मिलिमीटरचं, शिवाय आपत्कालीन फोन नंबर. ट्रान्सपोर्टवाल्याने कागदावर छापून गोंदाने चिकटवलेले फलक मे महिन्याच्या उन्हात गाडी निघायच्या आधीच पापडासारखे वळले. शेवटी पत्र्यावर रंगवून घेतले. नोंदवाला ड्रायव्हर मिळवणं सगळ्यात अवघड गेलं. त्याला जास्त भाडं द्यावं लागलं आणि ते वाजवी होतं. त्याच गाडीतून काटोलचा किराणा नेऊन वाटेत उतरवायचा बेत मी मोडला. कीटकनाशक आणि खाण्याचा माल एकमेकांना लागेल अशी वाहतूक नियमात बसत नाही, आणि किराणा ज्याच्या घरी जाणार त्याला कोण सांगणार होतं?

खरा घोळ मात्र गोदामात होता. कंटेनर रिकामा करताना काही बॅगा फाटल्या होत्या, आणि गोदामवाल्यांनी त्यातला माल कोऱ्या पांढऱ्या बॅगांत भरून शिवून ठेवला होता. ना नाव, ना क्रमांक, ना एकही चौकट. “आतलं तेच आहे, तुम्ही तिथं स्टिकर मारून घ्या,” म्हणाले. आमच्या एका संचालकालाही ते पटलं. उलट त्याचं म्हणणं, की वरुडला नेऊन सगळंच एक-एक किलोच्या पुड्यांत भरू; शेतकऱ्याला तेवढंच लागतं, आणि ५ किलोपर्यंतच्या पॅकला माशाची सक्ती समुद्रातही नाही.

माशापुरतं ते बरोबर होतं. पण १९६८ च्या कीटकनाशक कायद्यात ‘उत्पादन’ या शब्दाची व्याख्या वाचा. विक्रीसाठी पॅक करणं, फोडणं, लेबल लावणं, सगळं त्यात येतं. अपवाद फक्त किरकोळ दुकानदारीतल्या नेहमीच्या सुट्या विक्रीचा. म्हणजे गावोगावच्या सभासदांना वाटण्यासाठी आम्ही पुड्या बांधल्या, किंवा कोऱ्या बॅगवर स्टिकर मारला, तरी आम्ही उत्पादक ठरण्याची शक्यता होती, परवाना नसलेले उत्पादक. मोरचूद खत नियंत्रण आदेशातही सूक्ष्म अन्नद्रव्य म्हणून आहे. त्यामुळे कोरी बॅग बुरशीनाशकाची की खताची, हे ती उघडूनही सांगता येणार नाही. मी कोऱ्या बॅगा उचलायला नकार दिला. आयातदार चिडला, मग त्या बिलातून वजा केल्या. बाकीच्या बॅगांवर चारही चौकटी जशाच्या तशा ठेवून माल निघाला.

रस्त्यावर कोणी अडवलं नाही, हेही सांगून टाकतो. उद्या एखादा म्हणेल, मग एवढा खटाटोप कशाला. माझं मत असं, की काळा मासा काढायला आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं आणि ठेवायला एक पैसाही लागत नव्हता. तांबं अगदी थोडं असलं तरी पाण्यातल्या जीवांना भोवतं. आमच्या इथलं फवाऱ्याचं धुणं नाल्यात जातं, नाला वर्धा नदीला, आणि सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात मासेमारी करणारी माणसं आहेत. वरुडच्या गोदामात बॅगा उतरवताना जो तो त्या माशाबद्दल विचारत होता. मराठीतल्या माहितीपत्रकाकडे तेवढं कोणी पाहिलं नाही.

रिकाम्या बॅगांचं अजून नीट बसलेलं नाही. बॅग चांगली विणलेली असते, तूर भरायला घरोघरी हवीच असते. आम्ही नाव लिहून बॅग द्यायची आणि रिकामी परत आणली की डिपॉझिट परत, असं सुरू केलं. बऱ्याच आल्या, सगळ्या नाही.

पुढच्या हंगामाच्या ऑर्डरमध्ये मी दोन अटी घातल्या आहेत. फाटलेली बॅग आयातदाराने स्वतःच्या लेबलसह बदलून द्यायची, आणि मूळ खुणांशिवाय एकही बॅग गाडीत चढवायची नाही. दुसरी त्याने लगेच मान्य केली. पहिलीवर तो बॅगमागे दर वाढवून मागतो आहे.