मालवणच्या पाण्याखाली: आधी तळ पाहावा, मग मासे

मालवणला येणारे बहुतेक पर्यटक सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास थोडा वेळ पाण्यात उतरतात, पट्टेरी माशांच्या घोळक्यात छायाचित्र काढून घेतात आणि परततात. डिसेंबरात आम्ही तेथे गेलो तेव्हा कोणता मासा कोणत्या तळावर राहतो, एवढेच पाहायचे ठरवले होते. या हेतूसाठी मालवणइतकी सोयीची जागा महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर दुसरी नसावी. १९८७ मध्ये घोषित झालेले येथील सागरी अभयारण्य अवघे २९.१२ चौरस किलोमीटरचे आहे, पण येथे वाळू, कातळ, समुद्रशैवाल आणि प्रवाळ इतके जवळजवळ आहेत की होडी थोडी पुढे सरकली तरी खालची वस्ती बदलते.

सुरुवात तारकर्लीच्या बाजूच्या वाळूपासून करावी, असे मी आग्रहाने सांगेन. वरून पाहता तो तळ ओसाड वाटतो आणि म्हणूनच कोणी तेथे थांबत नाही. परंतु पाण्यावर पाच-सात मिनिटे निश्चल तरंगत राहिले, की लाटांनी उमटवलेल्या वळ्यांमधून हालचाल दिसू लागते. चाहूल लागताच वाळूत शिरणारी मुडदुशी, दोन्ही डोळे एकाच बाजूला असलेला आणि तळाचा रंग अंगावर घेणारा लेप, वाळू पांघरून बसलेले पाकट हा चपटा मासा, हे सारे लपण्यात तरबेज असलेले जीव आहेत. पाकटाच्या शेपटीचा काटा विषारी असतो. त्यामुळे उथळ पाण्यात चालताना पाऊल उचलून टाकू नये, वाळूवर घासत पुढे सरकवावे, म्हणजे ते आधीच दूर होते.

कातळाकडे वळले की चित्र पालटते. खडकांवर हिवाळ्यात सारगॅसम हे तपकिरी शैवाल दाट माजते आणि त्याच्या आडोशाला लहान मासळी वाढते. कपारींतून शेवंडाच्या (मोठ्या समुद्री झिंग्याच्या) लांब मिशा बाहेर डोकावतात, तर गोबरा मासा आपल्या ठरलेल्या बिळाच्या तोंडाशी बसून असतो.

प्रवाळांकडे मात्र सवडीने पाहावे. येथील पाण्यात गाळ बराच असतो, म्हणून लक्षद्वीपसारखी फांद्यांची दाट जंगले येथे नाहीत. गाळ सोसणारी पोरायटिससारखी गोलसर आणि टर्बिनेरियासारखी पसरट प्रवाळे येथे टिकून आहेत. गोलाकार पोरायटिस वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढते. तळहाताएवढा उंचवटा म्हणजे काही वर्षांची वाढ, आणि ती पायातल्या फ्लिपरच्या एका फटक्याने तुटते. फुलपाखरू माशांच्या अनेक जाती प्रवाळांचे जिवंत पॉलिप, म्हणजे प्रवाळ घडवणारे इवलेसे जीव, खाऊन जगतात, म्हणून त्यांची जोडी दिसली की खालच्या प्रवाळावर नजर अवश्य टाकावी.

पट्टेरी सार्जंट मेजर माशांचा घोळका दिसला तर त्यावरून तळाच्या आरोग्याचा निष्कर्ष काढू नये. छायाचित्रासाठी पाण्यात पाव टाकण्याची पद्धत अनेक ठिकाणी रुजली आहे आणि खाण्याच्या आशेने हेच धीट मासे गर्दी करतात. त्या गर्दीत बुजऱ्या जाती दिसतच नाहीत. होडी ठरवतानाच ‘खाणे टाकू नका आणि नांगर वाळूतच टाका’ असे स्पष्ट सांगावे. आम्ही तसे सांगितल्यावर नावाड्याने आनंदाने ऐकले, आणि वाळूचे पट्टे त्याला आमच्यापेक्षा कितीतरी चांगले ठाऊक होते.

वेळेची निवड सर्वांत महत्त्वाची आहे. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. पावसाळ्यात जाण्याचा विचारही करू नये. अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणात प्रवाह जोरात असतो आणि गाळ उठतो, त्यामुळे अष्टमीच्या सुमाराची भांग, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असलेले दिवस, निवडावी. त्यातही सकाळी, भरती पूर्ण होत आलेली असताना उतरावे, कारण ओहोटीबरोबर खाडीचे गढूळ पाणी बाहेर येते आणि दुपारनंतर वारा पाणी ढवळतो. प्रवाळे उथळ पाण्यात असल्याने स्नॉर्केल (पृष्ठभागावर तरंगत श्वास घेण्याची नळी) पुरेसे आहे. स्कूबा करायचेच असेल तर प्रशिक्षित मार्गदर्शकाबरोबरच करावे. सिंधुदुर्गाजवळच्या पद्मगडाचा परिसर अभयारण्याच्या गाभा क्षेत्रात, म्हणजे सर्वाधिक संरक्षित भागात, येतो, तेव्हा तेथील नियम वन विभागाकडून आधी समजून घ्यावेत. उन्हासाठी मलमाऐवजी पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. प्रवाळाचा मेलेला तुकडासुद्धा उचलू नये, कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने प्रवाळांना संरक्षण दिले आहे.

सोबत प्लॅस्टिकची पाटी आणि पेन्सिल न्यावी, ती पाण्यातही उमटते. आधी तळाचा प्रकार लिहावा, मग माशांची नावे. एक फेरी खाडीतल्या कांदळवनासाठी राखून ठेवावी: कातळांवर दिसणाऱ्या तांबोशी माशाची पिल्ले तेथेच मुळांच्या गुंत्यात वाढतात आणि मोठी झाल्यावर समुद्राकडे जातात. तेथे ओहोटीच्या वेळी गेले तरी चालते, म्हणून सकाळी समुद्र आणि उतरत्या पाण्यात खाडी असा क्रम ठेवला तर दोन्ही एकाच दिवशी जमते.