पाहुणीसोबत पुण्यात फिरताना
जर्मनीहून आमच्या विभागात आलेल्या संशोधक पाहुणीला आज लक्ष्मी रस्ता दाखवताना, आपण सवयीने ओलांडतो तो रस्ता नवख्या माणसाला किती भयावह वाटतो, हे तीव्रतेने जाणवले. तिच्या देशात वाहने उजव्या बाजूने चालतात, त्यामुळे तिची नजर आधी डावीकडे जाई. शिवाय एकेरी मार्गावरही आपले दुचाकीस्वार उलट दिशेने येत असल्याने, दोन्हीकडे पाहिल्याखेरीज पाऊल टाकू नये आणि झेब्रा पट्ट्यांवर विसंबू नये, असे तिला सांगावे लागले, याचे मनापासून वाईट वाटले. ११२ हा आपत्कालीन क्रमांकही तिच्या फोनमध्ये नोंदवून दिला. परतताना मात्र कसबा पेठेत मेट्रोत बसून, जिल्हा न्यायालय स्थानकावर गाडी बदलून ती एकटीच वनाझला निर्धास्तपणे पोहोचली, याचा फार आनंद झाला.